रूपांतर आणि वस्त्र : मराठी कथापरंपरेतील कायापालट करणाऱ्या पात्रांच्या पोशाखाचा विचार (धरमतर खाडी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

रूप पालटणारे पात्र आपला मूळ देह टाकते तेव्हा त्याच्या अंगावरील वस्त्राचे काय होते, हा प्रश्न प्रथमदर्शनी बालिश वाटण्याचा संभव आहे. गोष्ट ऐकणारे मूल तो विचारते आणि बहुधा 'मध्ये बोलू नको' एवढेच उत्तर मिळवते. तथापि कथा रचणाऱ्यांना या प्रश्नाचे काही ना काही उत्तर द्यावेच लागले आहे, मग ते स्पष्ट शब्दांत असो वा गृहीत धरलेले असो. त्या उत्तरांतून माणसाची ओळख नेमकी कशात आहे, याविषयीची त्या त्या समाजाची धारणा प्रकट होते. म्हणूनच हा प्रश्न केवळ साहित्याचा न राहता सामाजिक इतिहासाचा ठरतो.

युरोपीय परंपरेत हे उत्तर फार पूर्वी नोंदले गेले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्गेतिहासाच्या आठव्या खंडात आर्केडिया प्रांतातील एक कथा दिली आहे. एका विशिष्ट कुळातील पुरुष चिठ्ठी टाकून निवडला जाई. तो तळ्याकाठच्या ओक वृक्षाला कपडे टांगून पोहत पलीकडे जाई आणि लांडगा होई. नऊ वर्षे माणसाच्या वाटेस न गेल्यास तो पुन्हा पोहून येई व मनुष्यरूप पावे. प्लिनीचा या कथेवर विश्वास नाही. नऊ वर्षांनंतर त्याला तोच पोशाख परत मिळतो, ही एका लेखकाने घातलेली भर तर त्याला सर्वांत अचाट वाटते. त्याच शतकातील पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मध्ये एक शिपाई थडग्यांजवळ कपडे उतरवून लांडगा होतो आणि मागे राहिलेले कपडे दगडाचे बनतात. बाराव्या शतकातील मारी द फ्रान्स हिच्या 'बिस्क्लाव्रे' या काव्यकथेत पत्नी पतीचे कपडे पळवते, त्यामुळे त्या बिचाऱ्या सरदाराला लांडग्याच्या देहातच अडकून पडावे लागते. या तिन्ही कथांत वस्त्र म्हणजे मनुष्यत्व होय. पशू उघडा असतो, माणूस वस्त्र नेसलेला असतो आणि वस्त्र हीच परतीची वाट असते.

मराठी मुलखातील कथांना हे सूत्र सरळ लावता येत नाही. येथील रूप पालटणारे पात्र सहसा कपडे काठावर ठेवून जात नाही. ते वस्त्रासह पालटते, आणि ज्या स्थितीत त्याने वा तिने मनुष्यलोक सोडला त्या स्थितीचे वस्त्र अंगावर बाळगते. येथे वस्त्र मनुष्यत्वाचे नव्हे, तर दर्जाचे चिन्ह आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम एका मर्यादित भूप्रदेशातील लोकसमजुती पाहून नंतर ग्रंथ व रंगभूमी यांकडे वळणे सोयीचे ठरेल.

खाडीकाठची भुते आणि त्यांचा पोशाख

अंबा नदी सुधागड, रोहा व पेण या भागांतून वाहत समुद्राला मिळते. तिच्या मुखाकडील भरती-ओहोटीचा पट्टा धरमतरची खाडी या नावाने ओळखला जातो. रोहा तालुक्यातील नागोठण्यापर्यंत एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबते येत. खारबंदिस्तीची भातशेती, मिठागरे, खाजण आणि चिखल असा हा मुलूख आहे. आगरी, कोळी व कातकरी समाजांची येथे जुनी वस्ती आहे. पाणी आणि जमीन यांची सीमा दिवसातून दोनदा सरकते अशा प्रदेशात माणूस आणि अमानुष यांची सीमाही सैल मानली जावी, यात नवल नाही.

तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यासह कोकणातील लोकसमजुतींची मोठी नोंद विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने माहिती जमवण्याचे काम हाती घेतले आणि गावोगावच्या प्राथमिक शाळांतील शिक्षकांनी ती पुरवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे 'शारदा' नाटकाच्या प्रयोगप्रसंगी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याच्या मागे राहिलेली ही सामग्री आर. ई. एन्थोवेन याने संपादित केली. कोकणविषयक भाग १९१५ मध्ये आणि त्यावर आधारित ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या नोंदींची एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. उत्तरे देणारे शिक्षक होते, गोष्टी सांगणाऱ्या आगरणी-कोळणी नव्हेत. सरकारी प्रश्नाला उत्तर लिहिताना सांगणाऱ्याचा सूर गळून पडला आणि उरली ती भुतांची यादी.

परंतु ही यादीच बोलकी आहे. कोकणातील भुते स्वभावानुसार वा सामर्थ्यानुसार वर्गीकृत झालेली नाहीत. ती मृताची जात, वय व वैवाहिक स्थिती यांनुसार विभागलेली आहेत. पती हयात असताना मरण पावलेली स्त्री ती जखीण. विधवेचे भूत ते लावसट. प्रसूतीच्या वेळी दगावलेली ती आलवंतीण आणि बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत वा विटाळशी असताना गेलेली ती हडळ. मुंज झाली पण सोडमुंज झाली नाही अशा अवस्थेत मेलेला ब्राह्मण बटू म्हणजे मुंजा. खविसाचा संबंध मुसलमान अथवा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मृतांशी जोडण्यात आला आहे. म्हणजे मरणाने देह सुटला तरी दर्जा सुटत नाही. जनगणनेच्या तक्त्यात ज्या रकान्यात जिवंत माणूस बसावा, त्याच रकान्यात त्याचे भूत बसलेले असते.

आता वस्त्राचा प्रश्न सुटू लागतो. मुंजा पिंपळावर राहतो आणि त्याच्या अंगावर लंगोटी व जानवे असते, कारण त्या दोन संस्कारांच्या मधल्या काळातील बटूचा तोच पोशाख आहे. हे भूत घोड्याचे वा कुत्र्याचे रूप घेऊन आले तरी गोष्ट सांगणारा त्याला मुंजाच म्हणतो. सवाष्ण मेली तर तिला हिरवे लुगडे नेसवून, बांगड्या भरून, मळवट भरून व खणानारळाने ओटी भरून निरोप देण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. विधवेला यांतले काहीही मिळत नाही. जखीण आणि लावसट यांतील भेद हा मुळात तिरडीवरच्या कपड्यांचा भेद आहे. अमानुष रूप धारण करणाऱ्या या स्त्रीने वस्त्र कोठून आणले, या प्रश्नाचे उत्तर असे की ते घरच्यांनीच तिला नेसवून पाठवले होते. हयातीत तांबडे आलवण नेसावे लागलेल्या विधवेला मेल्यानंतर, कल्पनेतसुद्धा, हिरवे लुगडे मिळाले नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. कल्पनाशक्ती ही बंधनमुक्त असते असे मानणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

हडळीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पुढून भरदार बांध्याची देखणी स्त्री, मागून हाडांचा सापळा, मोकळे सोडलेले केस आणि उलटी पावले अशी तिची कल्पना आहे. बाळंतिणीच्या डोक्याला फडके बांधून तिला वाऱ्यापासून जपण्याची पद्धत पाहता हडळीचे मोकळे केस हा सूतिकागृहाच्या नियमांचा भंगच होय. बाळंतरोगाने स्त्रिया मोठ्या संख्येने दगावत असत त्या काळातील घराघरांचे भय या आकृतीत साठलेले आहे. अशी स्त्री परत येऊ नये म्हणून वाटेवर राळ्याचे दाणे टाकण्यासारखे उपाय केले जात. दाणे वेचण्यात रात्र सरावी, हा त्यामागील हिशोब. वस्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच की तिचे लुगडे हे रूपांतराचे साधन नसून झाकण आहे. पदराने पाठ झाकली जाते. पण लुगड्याच्या काठाखाली पावले उघडी राहतात आणि तेथेच ती ओळखली जाते. रात्री बांधावर भेटलेल्या अनोळखी बाईच्या तोंडाकडे न पाहता आधी पायांकडे पाहावे, हा सल्ला कोकणात पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आहे.

पाण्यातल्या भुतांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण पाण्यात मेलेल्याला घरचे वस्त्र मिळालेले नसते. बुडून मेलेल्या माणसाचे भूत म्हणजे गिऱ्हा. ते ओळखीच्या माणसाच्या रूपाने वा आवाजाने मासे मारणाऱ्याला हाक घालते आणि खोल पाण्यात नेते. त्याच्या गोष्टींत कपड्याला जवळजवळ स्थान नाही. तेथे महत्त्व आहे ते केसाला. गिऱ्ह्याचा केस कापून घेऊन लपवला तर ते भूत त्या माणसाचा चाकर बनते, अशी समजूत आहे. 'बिस्क्लाव्रे'तील पत्नीने पळवलेल्या कपड्यांची आणि या केसाची जात एकच आहे. ज्याच्या अंगावर हिरावण्याजोगे वस्त्र नाही त्याच्याकडून केस हिरावला जातो.

आसरांच्या बाबतीत तर समाज एक पाऊल पुढे जातो. साती आसरा या जलदेवता असल्या तरी मूल झाल्यानंतर पाण्यात जीव दिलेल्या तरुण स्त्रियांची ती भुते होत, अशीही समजूत नोंदली गेली आहे. भर दुपारी, तिन्हीसांजेला वा मध्यरात्री पाणवठ्यावर त्या बाधतात. त्यांना शांत करण्यासाठी शिजवलेला भात, हळद, कुंकू आणि हिरव्या कापडाची चोळी वाहतात. जीव देणाऱ्या सुनेला सासरच्यांनी सन्मानाने निरोप दिलेला नसतो, तिची ओटी भरलेली नसते. ती राहिलेली चोळी पुढे सगळा गाव वर्षानुवर्षे पाण्याच्या कडेला ठेवत राहतो. आसरा या शब्दाचे मूळ अप्सरेत आहे, परंतु अप्सरेला वस्त्र देण्याची गरज कोणास वाटली नव्हती.

नल, पांडव आणि मृगाजिन

लोकसमजुतींतून ग्रंथांकडे वळले असता वस्त्राचा सर्वांत तपशीलवार विचार नलकथेत आढळतो. महाभारताच्या वनपर्वातील ही कथा मराठीत अनेक अंगांनी आली. सतराव्या शतकातील मुक्तेश्वरांच्या भारतात वनपर्व आहे, मोरोपंतांनी (१७२९-१७९४) संपूर्ण भारत आर्यांत बांधले, आणि रघुनाथ पंडितांचे आख्यान तर रसिकांच्या विशेष प्रेमाचे ठरले. मात्र हे आख्यान दमयंतीच्या स्वयंवराचे आहे. नलाचे खरे रूपांतर त्यानंतर घडते, त्यामुळे लाडक्या काव्यातून कथेचा वस्त्राशी निगडित भाग सुटलेला आहे.

तरीही स्वयंवरातच रूपांतराचा एक प्रसंग आहे. इंद्र, अग्नी, वरुण व यम हे चौघे देव नलाचेच रूप घेऊन बसतात. दमयंतीसमोर पाच नल, पाच सारखे पोशाख! ती त्यांना ओळखते ती चेहऱ्यावरून नव्हे. देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, अंगावर धूळ नाही, गळ्यातील माळा ताज्या आहेत, सावली पडत नाही आणि पाय भूमीला टेकलेले नाहीत. पाचवा मात्र धुळीने व घामाने माखलेला, कोमेजलेल्या माळेचा माणूस आहे. देवांनी वस्त्राची नक्कल केली, पण वस्त्र वापरल्याची नक्कल त्यांना साधली नाही. अखेर पाय हीच खूण ठरते, आणि कोकणातल्या बांधावरची सूचना व विदर्भाच्या राजसभेतील राजकन्येची युक्ती एकाच अनुभवाकडे बोट दाखवतात.

पुढील कथा वस्त्रहरणाची आहे. द्यूतात सर्वस्व गमावलेला नल एका वस्त्रानिशी वनात जातो. सोन्यासारखे पक्षी धरण्यासाठी तो तेच वस्त्र टाकतो आणि पक्षी ते घेऊन उडून जातात. ते पक्षी म्हणजे फासेच असतात. मग नल-दमयंती एकाच वस्त्रात वावरतात. ती झोपली असता तो त्या वस्त्राचा अर्धा भाग कापून घेतो आणि तिला सोडून निघून जातो. इतके झाल्यावर कर्कोटक नाग त्याला दंश करतो व नलाचा कुरूप बाहुक होतो. त्याच वेळी नाग त्याला वस्त्रांची एक जोडी देतो. आपले रूप हवे असेल तेव्हा स्मरण करून ही वस्त्रे पांघरावीत, असे सांगतो. नल ती वस्त्रे अखेरीस दमयंतीसमोरच पांघरतो आणि पूर्वरूप पावतो.

येथे आर्केडियाच्या ओकवृक्षाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण फरकही मोठा आहे. लांडगा झालेल्या माणसाला त्याचे जुनेच कपडे परत मिळतात. नलाचे जुने वस्त्र गेले ते गेलेच. राज्य, पत्नी व वस्त्र यांचा जुगारात व पळपुटेपणात नाश करणाऱ्या पुरुषाला परतीचे वस्त्र दुसऱ्याकडून मिळवावे लागते. ते अंगावर येण्यापूर्वीच दमयंतीने बाहुकाला त्याच्या हातच्या अन्नाच्या चवीवरून व मुलांना पाहून आलेल्या रडण्यावरून जवळजवळ ओळखलेले असते. वस्त्र ओळख निर्माण करत नाही, झालेल्या ओळखीवर शिक्कामोर्तब करते.

विराटपर्वातील अज्ञातवासात हीच रीत उलट्या क्रमाने दिसते. पांडव आपली शस्त्रे शमीवृक्षावर बांधून ठेवतात आणि कोणी जवळ येऊ नये म्हणून तेथे एक प्रेत लटकवतात. म्हणजे येथेही झाडावर काही टांगले जाते, परंतु ती शस्त्रे आहेत, कपडे नव्हेत. क्षत्रियाची ओळख शस्त्रांत असते, म्हणून ती झाडावर राहतात आणि बृहन्नडा झालेला अर्जुन स्त्रीवेष अंगावर घेऊन विराटाच्या महाली जातो. प्रत्यंचेच्या घट्ट्यांनी खुणावलेले त्याचे दंड शंखाच्या कंकणांखाली झाकले जातात. गोग्रहणाच्या युद्धात शत्रूला मोहनिद्रा आणल्यावर उत्तरेच्या बाहुल्यांसाठी म्हणून कौरववीरांची उंची वस्त्रे काढून आणली जातात, हा प्रसंग विनोदी मानला जातो. वर्षभर स्त्रीवेषात काढलेल्या योद्ध्याने शत्रूंना मारण्याऐवजी त्यांच्या वस्त्रांवर समाधान मानावे, यात केवळ विनोद पाहणे हे मात्र अपुरे वाचन होय.

मारीचाच्या कथेत वस्त्राचा प्रश्न वेगळ्याच वाटेने येतो. मारीच सुवर्णमृग होतो तेव्हा त्याच्या राक्षसी पोशाखाचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. राक्षसाची माया वस्त्रासकट रूप बदलते, असे मानले गेले आहे. बाण लागल्यावर तो मूळ राक्षसदेहाने पडतो. पण कथेत वस्त्र आहेच, ते दुसऱ्या टोकाला आहे. वाल्मीकींची सीता त्या मृगाच्या कातड्यावर बसण्याची इच्छा व्यक्त करते. मराठी कथाकीर्तनांतील सीता मात्र त्या कातड्याची चोळी मागते. हा बदल कोणी व केव्हा केला याहून तो इतका रुजला कसा, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. आसनापेक्षा चोळी ही मराठी स्त्रीजीवनाच्या कितीतरी जवळची वस्तू आहे. माहेरहून येते ती चोळी, ओटीत पडतो तो चोळीचा खण, आसरांना वाहतात तीही चोळीच. वल्कले नेसून वनात राहणाऱ्या राजसुनेने चोळी मागावी, हे श्रोत्यांमधील बायकांना सांगण्याची गरज पडली नसावी. ती चोळी एका रूप पालटणाऱ्याच्या अंगाचे कातडे आहे आणि शिवली जाण्यापूर्वीच नाहीशी होणार आहे, यातच त्या प्रसंगाची करुणा आहे.

नाथकथा आणि रंगभूमी

देह म्हणजेच वस्त्र, ही उपमा गीतेच्या दुसऱ्या अध्यायामुळे व ज्ञानेश्वरीमुळे मराठी मनात खोल रुजली. तिचा शब्दशः विस्तार नाथकथांत सापडतो. धुंडिसुत मालू यांच्या 'नवनाथ भक्तिसार' (शके १७४१, इ. स. १८१९) या ग्रंथात मच्छिंद्रनाथ मृत राजाच्या देहात प्रवेश करतात आणि त्यांचा स्वतःचा देह शिष्याच्या राखणीत राहतो. येथे टाकलेले वस्त्र म्हणजे सबंध शरीर आहे आणि त्याचा नाश करण्याचा प्रयत्न होतो तो बिस्क्लाव्रेच्या पत्नीच्याच हेतूने. त्याच ग्रंथात स्त्रीराज्यात अडकलेल्या गुरूला सोडवण्यासाठी गोरक्षनाथ नर्तकीच्या मेळ्यात स्त्रीवेषाने शिरतात व मृदंग वाजवतात. गुरू देह बदलून राजा होतो, शिष्य केवळ वस्त्र बदलून स्त्रियांच्या दरबारात जातो. यांपैकी वस्त्र बदलणे हेच सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे, आणि बहुरूपी व नट यांचा सारा व्यवसाय त्यावर उभा आहे.

रंगभूमीवर कायापालट दाखवायचा तर तो कपड्यांनीच दाखवावा लागतो. शिमग्याच्या नमन-खेळ्यांतील संकासुर संपूर्ण काळ्या कापडात येतो आणि त्याच्याबरोबरची गोमू हा लुगडे नेसलेला पुरुषच असतो. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, त्या परंपरेतील राक्षसपार्टी आरडाओरड्याने व पोशाखाने राक्षस ठरत. अशा प्रयोगांत नट कोण आहे हे प्रेक्षकांपासून कोणी लपवत नसे. गावातलाच गडी लुगडे नेसून येई आणि खेळ संपेपर्यंत बाई असे.

चित्रपटाने हा करार फार जवळून तपासला. दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) साठी स्त्री कलावंत मिळाल्या नाहीत; मुंबईतील एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकच देह, धोतर नेसला की राम आणि लुगडे नेसला की सीता. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतील जोडे काढून ठेवत, असे सांगितले जाते. सीतेच्या चोळीतून दिसणाऱ्या पिळदार दंडांचीही आठवण सांगितली जाते. ते दंड पाहूनही त्याच प्रेक्षकांनी तिला हात जोडले.